जोखीम कोणाच्या शिरावर? – क्रेडिट कार्डापासून मोबाइलमधल्या पाकिटापर्यंत



क्रेडिट कार्डावरची लबाडी आणि मोबाइलमधल्या पाकिटाची सुरक्षितता हा विषय इतिहासाच्या व्याख्यानात कसा आला, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. इतिहास म्हटला की गड, तह आणि लढाया डोळ्यांपुढे उभ्या राहतात. परंतु ज्या गोष्टीवाचून माणसाचा एक दिवसही निभत नाही, त्या गोष्टीलाही इतिहास असतो. पैसा एका हातातून दुसऱ्या हातात कसा जातो, आणि वाटेत तो नाहीसा झाला तर कोणी भरून द्यायचा, यासंबंधीचे दंडक कोणी घातले व कशासाठी घातले, हा इतिहास तर सामान्य माणसाच्या घराशी सर्वांत जवळचा आहे.

आम्ही कायद्याचे पंडित नव्हे आणि यंत्रशास्त्राचेही नव्हे. कामगार चळवळीत आयुष्य गेले; जे वाचले ते गरजेपोटी वाचले. पगार रोख हातावर पडत होता तोवर पगाराचे रक्षण म्हणजे खिशाचे रक्षण होते. आता तो परस्पर खात्यात जमा होतो आणि खाते मोबाइलमध्ये येऊन बसले आहे. ते खातेच सुरक्षित नसेल, तर पगारवाढीचे करार करून कामगाराच्या पदरात काय पडणार? या प्रश्नाने आम्हांला या विषयाकडे वळवले.

आमचे म्हणणे आरंभीच सांगून टाकतो. चोराने कुलूप कसे फोडले ही कथा मोठी रंजक असते, आणि वर्तमानपत्रांत तीच येते. पण बोधप्रद इतिहास दुसरा आहे. चोरी झाल्यावर नुकसान कोणाच्या अंगावर पडले, हे शोधीत गेले म्हणजे असे दिसते की, जेथे ते कुलूप बनवणाराच्या अंगावर पडले तेथे कुलूप सुधारले, आणि जेथे ते गिऱ्हाइकाच्या अंगावर ढकलता आले तेथे कुलूप वर्षानुवर्षे तसेच राहिले.

हुंडीचा दंडक

रोकड न नेता पैसा नेण्याची विद्या आपल्याला पाश्चात्यांनी शिकवलेली नाही. हुंडी आपल्याकडे शतकानुशतके चालत होती. दाखवताच पैसे मिळत ती दर्शनी हुंडी, ठरलेल्या दिवसांनी मिळत ती मुदती. माल सुखरूप पोचला तरच पैसे देणे लागू होई ती जोखमी हुंडी. तिच्यात हुंडी आणि विमा यांचा संगमच होता. हुंडी वाटेत गहाळ झाली तर तिची दुसरी प्रत निघे, तिला पेठ म्हणत. तीही हरवली तर परपेठ.

आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची ती शहाजोग हुंडी. हिचे पैसे कोणाही हुंडी घेऊन येणाराला मिळत नसत. ते 'शहा'ला, म्हणजे बाजारात पत असलेल्या, ओळखीच्या व्यापाऱ्यालाच मिळत. पैसे देणाऱ्या पेढीने समोरचा माणूस कोण आहे याची चौकशी करावी हे तिचे कर्तव्य होते. आणि पुढे हुंडी चोरीची वा बनावट निघाली, तर ज्या शहाने पैसे उचलले त्याने ते परत करावेत असा व्यापाऱ्यांचा रिवाज होता. आज 'शहाजोग' हा शब्द आपण साळसूदपणाचा आव आणणाराला उद्देशून वापरतो. परंतु मूळ दंडक पाहा: पैशाची वाट ज्यांच्या हातांत आहे त्यांनीच माणूस ओळखावा, आणि ओळखण्यात चूक झाली तर तिचे फळही त्यांनीच भोगावे. हा दंडक घालणारे लोक संत नव्हते, हिशेबी सावकार होते. विश्वास टिकला नाही तर धंदा टिकत नाही, एवढे त्यांना कळत होते.

न मागता आलेले कार्ड

'क्रेडिट कार्ड' हे शब्द प्रथम एका समाजवादी कादंबरीत प्रसिद्धीस आले, ही गोष्ट फारशी कोणास ठाऊक नसते. एडवर्ड बेलामी या अमेरिकन लेखकाची 'लुकिंग बॅकवर्ड' ही कादंबरी १८८८ साली निघाली. तीत इ. स. २००० मधील आदर्श समाजाचे वर्णन आहे. त्या समाजात नाणेच नाही; राष्ट्राच्या उत्पन्नातला प्रत्येक नागरिकाचा सारखा वाटा त्याच्या कार्डावर मांडलेला असतो. इतिहासाची थट्टा अशी की, शब्द राहिला आणि समान वाट्याची कल्पना मात्र मागे पडली.

प्रत्यक्षातले कार्ड १९५० साली न्यू यॉर्कमध्ये फ्रँक मॅक्नमारा यांच्या डायनर्स क्लबाने काढले. जेवणानंतर पाकीट विसरल्याचे ध्यानात आले आणि त्यातून कार्डाची कल्पना सुचली, अशी कथा सांगत. ती प्रसिद्धीसाठी रचलेली होती हे पुढे उघड झाले. हे कार्ड हॉटेलात जेवणाऱ्या, फिरतीवर असणाऱ्या सुखवस्तू लोकांसाठी होते. मुंबईच्या काली मोदी यांनी ते १९६१ साली आपल्या देशात आणले. चोरी त्याही कार्डांची होई, पण वर्तुळ लहान होते.

खरा प्रारंभ झाला तो १८ सप्टेंबर १९५८ रोजी, कॅलिफोर्नियातील फ्रेस्नो या गावी. बँक ऑफ अमेरिकेने त्या गावात ६०,००० कार्डे टपालाने घरोघर पाठवली. कोणी अर्ज केला नव्हता, कोणाला विचारले नव्हते. पुढच्या वर्षभरात ही मोहीम सगळ्या कॅलिफोर्नियात पसरली आणि वीस लाखांच्या घरात कार्डे वाटली गेली. योजनेचा कर्ता जोसेफ विल्यम्स याचा अंदाज होता की चार टक्के खाती थकतील. थकली बावीस टक्के. टपालातून कार्डे चोरीस गेली, बनावट कार्डे निघाली, काही दुकानदारही लबाडीत सामील झाले. पहिल्या पंधरा महिन्यांत बँकेने मान्य केलेला तोटा ८८ लाख डॉलरचा होता. जाहिरात आणि कारभाराचा खर्च धरता तो दोन कोटींच्या आसपास गेला. १९५९ च्या अखेरीस विल्यम्स नोकरी सोडून गेला.

आता या प्रकरणातली खरी मेख पाहा. कार्डाबरोबर ज्या अटी छापून आल्या होत्या त्यांप्रमाणे कार्डावर झालेल्या साऱ्या खर्चाची जबाबदारी कार्डवाल्याची होती. चोराने केलेल्या खर्चाचीसुद्धा! मागितले नाही असे कार्ड यायचे, ते तुमच्या हाती पडण्यापूर्वीच पोस्टातून उडायचे, आणि बिल मात्र तुमच्या दारी. लोक खवळले यात नवल नाही. १९६६ च्या नाताळापूर्वी शिकागोच्या बँकांनी हाच खेळ अधिक मोठ्या प्रमाणावर केला. लक्षावधी कार्डे वाटली गेली. एकेका घरात अनेक बँकांची कार्डे आली, आणि मृत माणसांच्या व लहान मुलांच्या नावेही ती निघाली. टपालातल्या चोऱ्यांची एक लाटच आली.

या गोंधळातून १९७० चा अमेरिकन कायदा जन्मास आला. अर्ज केल्यावाचून कार्ड पाठवण्यास बंदी झाली. आणि कार्ड चोरीस गेल्यास कार्डवाल्याची जबाबदारी फार तर ५० डॉलर, बाकीचे नुकसान बँकेचे, असे ठरले. बँकांनी धंदा बुडेल अशी ओरड केली. धंदा बुडाला नाही. उलट, नुकसान आपल्या गळ्यात आहे म्हटल्यावर बँकांना कार्ड तपासण्याची अक्कल सुचू लागली.

यंत्र आणि चार आकडे

तोवर कार्ड तपासण्याची रीत काय होती? उठावदार अक्षरांचे कार्ड एका यंत्रात ठेवायचे, वर कार्बनची पावती ठेवून दांडा फिरवायचा आणि सही घ्यायची. चोरीस गेलेल्या कार्डांचे आकडे छापलेली वही दुकानदाराजवळ असे, ती चाळायची. रक्कम मोठी असेल तर दूरध्वनी करून परवानगी मागायची, आणि गिऱ्हाईक ताटकळत उभे. १९७३ साली डी हॉक यांच्या संघटनेने – जिला आज आपण व्हिसा म्हणतो – ही परवानगी संगणकावरून देण्याची व्यवस्था उभारली, आणि काही मिनिटांचे काम एका मिनिटाच्या आत होऊ लागले. त्याच दशकात कार्डाच्या पाठीवर चुंबकीय पट्टी सर्वत्र आली. ही पट्टी आयबीएमच्या फॉरेस्ट पॅरी याने साठच्या दशकात कार्डावर बसवली. पत्नीच्या इस्त्रीने ती चिकटवली असे सांगतात. पट्टी स्वस्त होती, सोयीची होती; पण तिच्यावर जे लिहिलेले असे ते सदैव तेच असे. एकदा ते वाचता आले की दुसऱ्या पट्टीवर जसेच्या तसे उतरवता येई. या एका वैगुण्यावर चोरांच्या दोन पिढ्या जगल्या.

दुसरीकडे रोकड देणारे यंत्र आले. लंडनजवळच्या एन्फील्ड येथे २७ जून १९६७ रोजी बार्कलेज बँकेने ते बसवले. ते घडवणारे जॉन शेफर्ड-बॅरन यांचा जन्म आपल्या शिलाँगचा. त्यांनी आधी सहा आकड्यांची खूण योजली होती. पण पत्नी म्हणाली, मला चारच आकडे ध्यानात राहतात. म्हणून चार आकडे ठरले, असे ते स्वतः सांगत. आकडी खुणेच्या शोधाचा मान स्कॉटलंडचे जेम्स गुडफेलो यांनाही दिला जातो. त्यांचे पेटंट १९६६ चे आहे.

या चार आकड्यांनी एक नवाच प्रश्न उभा केला. सही खोटी असेल तर ती पाहून सांगता येते. आकडे मात्र कोणीही दाबले तरी तेच. यंत्राच्या नोंदीत 'योग्य आकडे दाबले' एवढेच उमटते. ते खातेदाराने दाबले की चोराने, की यंत्रच चुकले, हे नोंद सांगत नाही. मग विश्वास कोणावर ठेवायचा, माणसावर की यंत्रावर?

दोन देश, दोन न्याय

या प्रश्नाला अमेरिकेने आणि इंग्लंडने दोन वेगळी उत्तरे दिली, आणि त्यांची तुलना फार उद्बोधक आहे.

अमेरिकेत १९७८ साली यंत्रावरून होणाऱ्या व्यवहारांसंबंधी कायदा झाला. चोरी कळल्यापासून दोन दिवसांच्या आत कळवले तर खातेदाराची जबाबदारी ५० डॉलरपर्यंतच. १९८० साली न्यू यॉर्कच्या न्यायालयात एका स्त्रीचा खटला आला. तिच्या खात्यातून ८०० डॉलर यंत्रावरून गेले होते; ते काढले गेले त्या वेळी आपण नोकरीवर होतो, असे तिचे म्हणणे. बँक म्हणाली, आमच्या नोंदीप्रमाणे तुमचेच कार्ड आणि तुमचाच आकडा. न्यायाधीशांना त्या स्त्रीची साक्ष विश्वसनीय वाटली, आणि अशा साक्षीपुढे केवळ यंत्राची नोंद वरचढ मानण्यास त्यांनी नकार दिला. पैसे बँकेला द्यावे लागले.

इंग्लंडमध्ये बँकांचे धोरण उलट होते. आमची यंत्रणा चुकूच शकत नाही, तेव्हा पैसे तुम्हीच काढले असतील किंवा तुमच्या घरातल्या कोणी तरी, असे उत्तर तक्रारदाराला मिळे. ही गोष्ट कोणत्या थरास गेली पाहा. आपल्या खात्यातून आपण न काढलेले पैसे गेले अशी तक्रार एका पोलीस शिपायाने केली. तक्रार खोटी ठरवून त्याच्यावरच फसवणुकीच्या प्रयत्नाचा खटला भरला, आणि १९९४ साली तो दोषी ठरला. त्याची सुटका १९९६ साली अपिलात झाली. कारण बचावपक्षाच्या तज्ज्ञाला यंत्रणा तपासू दिली गेली नाही, आणि जे तपासू देत नाही त्याचा पुरावा न्यायाधीशांनी ग्राह्य धरला नाही. पोलिसाच्या नोकरीतल्या माणसाची ही गत, तर गिरणीतल्या बाईची काय होत असेल!

केंब्रिजचे संगणकशास्त्रज्ञ रॉस अँडरसन यांनी या काळातल्या प्रकरणांचा अभ्यास करून १९९३ साली एक निबंध लिहिला. चोर गणिती कोडी सोडवून पैसे नेत नव्हते, असे त्यांना आढळले. टपालातून कार्डे पळवणे, आतल्या माणसाने हात मारणे, यंत्रणा बसवताना आणि चालवताना हलगर्जी करणे, असली साधी कारणे होती. पुढे २००१ साली त्यांनी एक निरीक्षण मांडले, ते आम्हांला सगळ्या इतिहासाचे सार वाटते. नुकसान ज्यांना सोसावे लागे त्या अमेरिकन बँकांनी सुरक्षिततेवर कदाचित कमी पैसा खर्चला, पण तो नेमका खर्चला. ज्या देशांत बँका हात झटकू शकत तेथे कारभार ढिला राहिला आणि लबाडी वाढत गेली. पुढे युरोपातल्या नव्या नियमांस अनुसरून इंग्लंडमध्येही २००९ साली ठरले की, केवळ यंत्रातली नोंद हा व्यवहार खातेदारानेच केल्याचा पुरेसा पुरावा नव्हे. एवढे मान्य होण्यास यंत्र बसल्यापासून चाळीसहून अधिक वर्षे लागली.

चिप

चुंबकीय पट्टीवरचा उतारा म्हणजे चिप. फ्रान्सच्या रोलाँ मोरेनो यांनी १९७४ साली तिचे पेटंट घेतले. पट्टी हा नुसता कागद म्हटला, तर चिप हा मुनीम आहे. तो आपले गुपित कोणालाही दाखवीत नाही. विचारलेल्या प्रश्नाला त्या गुपिताच्या आधारे त्या वेळेपुरते उत्तर देतो. ते उत्तर कोणी ऐकले तरी दुसऱ्या दिवशी त्याचा उपयोग नाही. फ्रान्सने १९९२ च्या अखेरीस बँकांची सारी कार्डे चिपची केली. इंग्लंडमध्ये १४ फेब्रुवारी २००६ पासून दुकानात सहीऐवजी आकडा सक्तीचा झाला. अमेरिका मात्र पट्टीवरच बसून राहिली. कारण उघड होते: लक्षावधी दुकानांतली यंत्रे बदलण्याचा खर्च कोणी करावा याचा वाद मिटत नव्हता. २०१३ च्या नाताळात टार्गेट या दुकानसाखळीतून सुमारे चार कोटी कार्डांची माहिती चोरीस गेली. चोर शिरले ते शीतयंत्रांचे काम करणाऱ्या एका कंत्राटदाराच्या परवलीच्या शब्दावरून. त्यानंतर १ ऑक्टोबर २०१५ पासून नियम लागू झाला की, बँक आणि दुकानदार यांपैकी ज्याने चिप स्वीकारली नसेल त्याच्या अंगावर बनावट कार्डाचे नुकसान. हा नियम येताच यंत्रे भराभर बदलली गेली.

चिपनेही सर्व भागले नाही. २०१० साली केंब्रिजच्याच संशोधकांनी दाखवून दिले की, चोरलेले कार्ड आणि दुकानातले यंत्र यांच्यामध्ये एक उपकरण बसवून, आकडा माहीत नसताही व्यवहार पार पाडता येतो; आणि नोंदीत मात्र 'आकडा बरोबर' असे उमटते. त्या शिपायाच्या खटल्यानंतर सोळा वर्षांनी पुन्हा तोच धडा!

आपल्या देशात

सेंट्रल बँक ऑफ इंडियाने १९८० साली कार्ड काढले, तेव्हापासून कार्ड आपल्याकडच्या बँकांत आले. एका बाबतीत आपण पुष्कळ देशांच्या पुढे गेलो, हे अभिमानाने सांगितले पाहिजे. इंटरनेटवरून कार्डाने खरेदी करताना कार्डावरच्या आकड्यांखेरीज आणखी एक खूण द्यावी लागेल, असे रिझर्व्ह बँकेने १ ऑगस्ट २००९ पासून सक्तीचे केले. आज आपल्या परिचयाचा झालेला ओटीपी तो याच वाटेने आला. १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानदारांना कार्डाचा खरा आकडा आपल्याजवळ साठवून ठेवण्यास मनाई झाली. त्याऐवजी एक बदली आकडा ठेवायचा, जो चोरीस गेला तरी दुसरीकडे चालत नाही.

पण मोठे घाव बसायचे ते बसलेच. २०१६ साली यंत्रांच्या एका जाळ्यात शिरलेल्या विषारी प्रणालीमुळे सुमारे ३२ लाख डेबिट कार्डे धोक्यात आली. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर घाला पडला. ही १९०६ साली स्थापन झालेली आपली जुनी सहकारी बँक. चोरांनी खातेदारांना फसवले नव्हते. 'पैसे द्यावे की नाही' हा प्रश्न यंत्राकडून बँकेकडे जातो, त्या वाटेवरच त्यांनी आपला तोतया बसवला, आणि तो प्रत्येक प्रश्नास होकार देत राहिला. काही तासांत २८ देशांतील यंत्रांतून बनावट कार्डांनी पैसे काढले गेले, दोन दिवसांनी आणखी रक्कम परदेशी पाठवली गेली. एकूण आकडा ९४ कोटींच्या वर. २०२३ साली पुण्याच्या न्यायालयाने या प्रकरणी ११ जणांना शिक्षा ठोठावली. पैसे गेले ते बँकेचे. खातेदारांच्या ठेवींना धक्का नाही असे बँकेने जाहीर केले. म्हणजे, लबाडी बँकेच्या दारातून शिरली तेव्हा नुकसान कोणाचे याविषयी वाद झाला नाही. हे ध्यानात ठेवा.

मोबाइलमधले पाकीट आणि यूपीआय यांत लोक गल्लत करतात. पाकिटात आधी पैसे भरायचे आणि मग खर्चायचे. चोर शिरला तर पाकिटात असेल तेवढे जाते. यूपीआय हे पाकीट नव्हे. एप्रिल २०१६ मध्ये राष्ट्रीय देयक महामंडळाने सुरू केलेली ही व्यवस्था थेट आपल्या बँकखात्याला हात घालते. तिची बांधणी चांगली आहे. मोबाइलचा क्रमांक खात्याशी बांधलेला, आणि शिवाय गुप्त आकडा; सामान्यतः दोन्ही असल्यावाचून पैसा हलत नाही. म्हणूनच चोरांनी कुलूप सोडले आणि किल्ली धरणारा हात पकडला. 'तुम्हांला पैसे पाठवतो, आकडा दाबा' असे सांगून पैसे काढून घेणे, सिमकार्ड दुसऱ्याच्या नावे उठवणे, केवायसी संपली म्हणून घाबरवणे, पोलिसाचे सोंग घेऊन घरबसल्या 'डिजिटल अटक' करणे, या साऱ्या युक्त्या माणसावर चालवल्या जातात, यंत्रावर नव्हे. पैसे मागणीची विनंती पाठवून होणारी फसवणूक इतकी वाढली की, व्यक्तीने व्यक्तीला अशी विनंती पाठवण्याची सोयच १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद करावी लागली. व्यवस्थेतली एक खिडकी बंद होताच तेवढी लबाडी थांबते. हजार सावधगिरीच्या सूचनांनी जे होत नाही ते एका दुरुस्तीने होते, याचा हा पुरावा.

'निष्काळजीपणा' या शब्दाचा इतिहास

नुकसान कोणाचे, याविषयी रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी परिपत्रक काढले. बँकेचा दोष असेल तर खातेदारावर काहीच भार नाही. दोष दोघांचाही नसून तिसरीकडे असेल आणि तीन कामाच्या दिवसांत कळवले, तरीही भार नाही. चार ते सात दिवसांत कळवले तर ठरावीक मर्यादेपर्यंतच. शाबितीचे ओझे बँकेवर. मोबाइल पाकिटांसाठी असेच नियम जानेवारी २०१९ मध्ये जाहीर झाले. हे परिपत्रक चांगले होते, आणि ते फार थोड्यांनी वाचले. पण त्यात एक कलम असे होते की, खातेदाराने निष्काळजीपणाने आपला गुप्त आकडा वा ओटीपी दुसऱ्यास दिला असेल, तर बँकेला कळवीपर्यंतचे सारे नुकसान त्याचे.

हा 'निष्काळजीपणा' शब्द आम्हां कामगारांच्या जुन्या ओळखीचा आहे. गिरणीत पट्ट्यात हात सापडला की मालक म्हणे, कामगार निष्काळजी होता. इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकात याच शब्दावर हजारो जखमी मजुरांचे दावे निकालात निघाले. १८९७ साली तेथे आणि १९२३ साली आपल्याकडे नुकसानभरपाईचा कायदा झाला, तेव्हा हा न्याय उलटला. दारूच्या नशेत असणे, सुरक्षिततेचा नियम जाणूनबुजून मोडणे, असे मोजके अपवाद ठेवून भरपाई मालकावर आली. यामागचा विचार साधा होता. दिवसाचे दहा तास यंत्रापुढे उभा राहणारा माणूस केव्हा तरी चुकणार, हे यंत्र बसवणाराला आधीच ठाऊक असते. म्हणून पट्ट्याला जाळी बसवणे त्याचे काम. १९४८ च्या कारखाना कायद्याने यंत्राला कुंपण घालणे बंधनकारक केले. कामगारांना सावधगिरीची भाषणे देऊन जे साधले नव्हते ते जाळीने साधले.

आता तोच विचार पैशाच्या यंत्राला लावा. १९३६ च्या वेतन कायद्याप्रमाणे पगार रोख मिळण्याचा कामगाराचा हक्क होता. १९७६ साली, कामगाराची लेखी संमती असेल तर तो खात्यात भरण्याची मुभा आली. २०१७ साली ती संमतीची अटही गेली. म्हणजे फ्रेस्नोच्या कार्डासारखेच हे खाते पुष्कळांच्या हाती न मागता आले आहे. रात्रपाळी करून आलेला, इंग्रजी संदेश न वाचता येणारा माणूस धमकावणीच्या फोनला बळी पडला, तर त्याला निष्काळजी म्हणून वाटेला लावणे न्यायाचे आहे काय? त्याने ओटीपी सांगितला हे खरे. पण आयुष्यात कधी हजारापलीकडे न गेलेल्या खात्यातून मध्यरात्री सारी शिल्लक अनोळखी खात्यात जाते, तेव्हा ती अडवून ठेवण्याची जाळी कोणी बसवायची? आणि चोराचा पैसा ज्या खात्यात उतरला ते खाते कोणत्या तरी बँकेनेच उघडलेले असते. शहाजोग हुंडीचा दंडक तेथे का लागू होऊ नये?

कोणी म्हणेल, अशाने लोक बेफिकीर होतील आणि खोट्या तक्रारी करतील. ही शंका रास्त आहे, आणि १९७० साली अमेरिकेतही हीच काढली गेली होती. खोट्या तक्रारी होतात, त्या तपासाव्या लागतात. पण तपासाची साधने बँकेजवळ आहेत, खातेदाराजवळ नाहीत. इंग्लंडने तर ७ ऑक्टोबर २०२४ पासून आणखी एक पाऊल टाकले. फसवणुकीला बळी पडून माणसाने स्वतःच्या हाताने पैसे पाठवले असले, तरी ८५,००० पौंडांपर्यंत ते त्याला परत मिळावेत, आणि तो भार पैसे पाठवणाऱ्या व घेणाऱ्या संस्थांनी निम्मा निम्मा उचलावा, असा नियम केला. ज्या देशाने तक्रार करणाऱ्या शिपायालाच दोषी ठरवले, त्याच देशाने तीस वर्षांत हे वळण घेतले. आपल्याकडे ते येणारच नाही असे मानण्याचे कारण नाही. मात्र मागितल्यावाचून ते आले, असेही इतिहासात कोठे दिसत नाही.

तोवर प्रत्येकाने काय करावे? पैसे घेण्यासाठी गुप्त आकडा कधीच लागत नाही, ही गोष्ट घरातल्या सर्वांस सांगून ठेवावी. अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून मोबाइलमध्ये काही उतरवून घेऊ नये. 'डिजिटल अटक' नावाची वस्तू कायद्यात नाही. पैसे गेलेच, तर लाजून गप्प न बसता ताबडतोब १९३० या क्रमांकावर आणि बँकेला कळवावे, तक्रारीची लेखी पोच घ्यावी. कारण पहिल्या काही तासांतच पैसा वाटेत अडवता येतो. आणि बँकेने 'चूक तुमचीच' असे उत्तर दिले, तर ते शेवटचे उत्तर मानू नये, शाबिती मागावी. आमच्या अनुभवात फसलेल्या माणसाला पैशाहून अधिक जाचते ती शरम, आणि चोराचा व ढिल्या कारभाराचा सर्वांत मोठा आधार तीच आहे. एकटा तक्रारदार निष्काळजी ठरतो. शंभर तक्रारदार एकत्र आले म्हणजे दोष व्यवस्थेचा ठरतो. कारखान्यातल्या यंत्राला जाळी बसली ती याच रीतीने, आणि पैशाच्या यंत्रालाही ती याच रीतीने बसवून घ्यावी लागेल.